वाटीतलं पिवळं

अश्वजितनं सहावं उकडलेलं अंडं सोललं, अंगठ्यानं मधोमध फोडलं आणि बलक वाटीत टाकला. पांढरं तेवढं तोंडात. मीठ नाही, तिखट नाही. चेहरा औषध घेतल्यासारखा. बुलढाण्याची शरीरसौष्ठव स्पर्धा तोंडावर आली होती आणि गड्याचं कटिंग ऐन भरात होतं. हिवाळाभर त्यानं बल्किंग केलं, म्हणजे पुढ्यात येईल ते खाऊन अंग भरलं. आता तीच चरबी उतरवायची, म्हणून बलक बंद.

“हे पिवळं फेकून देजो,” तो बायकोला म्हणाला.

“हाव,” समता म्हणाली.

तो जिमला निघाला खरा, पण कमरेचा पट्टा घरीच राहिला होता. चौकातून परत फिरला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत समता ओट्याला टेकून उभी होती. सातवा महिना लागलेला. एक हात कमरेवर. दुसऱ्या हातानं ती बलक तिखटमिठात बुडवून खात होती, आणि इतक्या चवीनं, की दाराचा आवाजही तिच्या कानावर गेला नाही.

तो दिसताच तिनं वाटी पाठीमागे नेली.

“तुले तर अंड्याचा वास सहन होत नव्हता न?”

“नव्हता होत.”

“मंग आता?”

ती नखानं ओट्यावरचं काहीतरी खरवडत राहिली.

“वास कधीच नव्हता येत मले,” ती शेवटी म्हणाली. “तुमचं बल्किंग चालू होतं. ट्रे तर एकच येते घरात.”

अश्वजित तिथल्या तिथं खाली बसला. हिवाळ्यात रोज सकाळी ती नाकाला ओढणी लावून त्याच्यापुढे अंडी ठेवायची. त्याला ते सोयीचंच होतं. पुन्हा म्हणून विचारलं नव्हतं त्यानं. तपासायला आलेल्या आरोग्यखात्याच्या आशाताईंनी समताच्या अंगात रक्त कमी आहे म्हणून बजावलं, तेव्हा ह्या पठ्ठ्यानं जिममधल्या पोरांना सांगतो त्याच थाटात तिला पालकाची महती ऐकवली होती, तीही तोंडात अख्खं अंडं असताना. कशात किती प्रोटीन असतं ते त्याला झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेल. बायकोच्या ताटात काय पडतं याचा मात्र पत्ता नव्हता. रोज आरशात न्याहाळलेले स्वतःचे दंड त्याला आता बघवेनात. नुसती लाज नव्हे, स्वतःची किळस आली त्याला.

“मी नाही उतरत स्पर्धेत,” तो एकदम म्हणाला. “कटिंग आजपासून बंद.”

एवढं बोलल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. ती नको म्हणेल, निदान हसेल तरी, अशा आशेनं त्यानं वर पाहिलं. समताचा चेहरा पार उतरला होता.

“बंद? म्हणजे उद्यापासून अख्खी अंडी खासान तुमी?”

समतानं वाटी पुढे आणली, दोन्ही हातांत घट्ट धरली आणि त्याच्याकडे न पाहता हळूच म्हणाली,

“बाळंतपणापर्यंत तरी राहू द्या न थे कटिंग.”