माइकवर गेलेली स्कूटी

“प्रेक्षकहो, मैदानात येतायत छायाकाकी! दिवाळीपर्यंत स्कूटी शिकणार व्हत्या. आता शिमगा आला!”

हरेश माइकवर ओरडला आणि लोधिवलीचं अख्खं मैदान हसलं. दोन सामन्यांमधल्या सुट्टीत एवढीच सपाट जागा रिकामी असायची, म्हणून छाया लेकीची स्कूटी ढकलत आत आली होती.

चूक तिचीच. रसायनीच्या कंपनीत डबा खाताना तिने फक्त सोबत काम करणाऱ्या हर्षलाला स्कूटी शिकायचं सांगितलं होतं. हर्षला गुपित राखणारी. तिने फक्त भावाला सांगितलं. भाऊ नेमका हरेश, टेनिस क्रिकेटचा समालोचक. त्याने हरवलेल्या चपलेच्या सूचनेनंतर लगेच ते जाहीर केलं. चप्पल सापडली. छायाची मात्र तेव्हापासून सुटका नव्हती. किराणावाला साखर बांधता बांधता विचारी, “काकी, ब्रेक कुठला ते कळला का?”

“आदी शिकायचं, मंग बोलायचं,” तिचा नवरा मनोज रोज ऐकवी. कंपनीची बस बंद झाल्यापासून ती त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून कामाला जायची. तो रुसला की तिचा खाडा. आणि मनोजला रुसायची भारी हौस.

छायाने स्कूटी सुरू केली, खेळपट्टी ओलांडली आणि सरळ बक्षिसांच्या टेबलाला धडकली. माणसाएवढा चषक आडवा झाला. शेजारी छाया.

“काकी क्लीन बोल्ड!”

छाया उठली. साडीची माती झटकली, चषक उभा केला आणि हरेशच्या हातातून माइक घेतला.

“हॅलो. मागं ऐकू येतंय ना? स्कूटी मी शिकणार. मंग टेंपो शिकणार. मंग पाताळगंगेत पोहणार. आनि हरेश, पुढल्या साली हितं बसून मीच बोलणार. तुजा आवाज लय चिरका हाय रं.”

प्रेक्षकांत बसलेला मनोज खुर्चीतून कळवळला, “अगं, सगळं आत्ताच कशाला सांगतेस गं?”

“तुमी इसरू नये म्हणून.”

माइक देऊन ती पुन्हा स्कूटीवर बसली. स्कूटी डुलली, सावरली, सीमारेषेवरून गेली आणि गावच्या रस्त्याला लागली. पंचाने सवयीने चौकाराची खूण केली. माइक चालू होता, पण त्यातून नुसता हरेशचा श्वास ऐकू येत होता.

छायाला यातलं काहीच दिसलं नाही. आरशात बघायचं अजून शिकायचं होतं.