झुलीखाचा चौथा नंबर

मी झुलीखाची सायकल बोलतेय. रंग निळा, अंगाने हलकी, मुक्काम ब्लिदा गावी, श्रेआच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी.

मला बुआलामकाकांनी त्यांच्या दुकानात घडवलं. आधी त्यांनी झुलीखाला भिंतीशी उभं केलं, तिचे हात-पाय, पाठ मापली आणि मगच नळ्या कापल्या. त्यामुळे मी दुसऱ्या कुणाला सोसत नाही. तिच्या भावाने एकदा मला पळवलं, तर दोन दिवस कंबर धरून बसला होता.

श्रेआच्या घाटाची शर्यत आम्ही दोघींनी तीनदा जिंकली. चौथ्या वर्षी तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. कर्करोग. शस्त्रक्रिया झाली, मग औषधाच्या सुया, मग केस गेले. मी गच्चीत भिंतीला टेकून उभी. तिच्या आईने माझ्या दांडीवर मिरच्यांच्या माळा वाळत घातल्या. मला राग नाही आला. त्या माउलीच्या हातांना काहीतरी काम हवं होतं. झुलीखा मात्र अधूनमधून येऊन बसायची, माझं चाक बोटाने फिरवायची आणि ते थांबेपर्यंत बघत राहायची.

अकरा महिन्यांनी तिने मिरच्या उतरवल्या.

"डोकं फिरलंय का तुझं?" आई ओरडली. "जीव वाचला ते पुरे नाही?"

"वाचला म्हणून तर चाललेय."

पहिल्याच दिवशी संत्र्यांच्या बागेपाशी ती उतरली. वाकून हँडल धरलं की शस्त्रक्रियेची जागा ओढायची, उजवा हात दुखायचा. काकांनी मग माझं हँडल दोन बोटं वर घेतलं.

"खाली करा काका. सरावाच्या पोरी हसतील."

"हसू देत. हात तुझा दुखतो की त्यांचा?"

पोरी हसल्याच. झुलीखानेच वळणं घ्यायला शिकवलेली नेस्रीन आता सगळ्यांच्या पुढे असायची. ती म्हणाली, "ताई, पुढे भाजीची टोपली लावायची राहिली की!"

"लावते ना. दमलीस की तुलाच बसवून वर नेते."

सराव सात महिने चालला. मे महिन्यात शर्यत आली. देवदारांचं रान लागलं तेव्हा पुढे चौघीच उरल्या होत्या आणि त्यांत आम्ही होतो. तिची उजवी पकड सैल पडतेय हे मला कळत होतं, पण पाय जुनेच होते. शेवटच्या वळणावर नेस्रीन सुटली. तिच्यामागे दुसरी. तिसरी तर रेषेपाशी आम्हाला घासून गेली.

आम्ही चौथ्या.

तरी लोकांनी जिंकल्यासारख्या टाळ्या पिटल्या. कुणी खजूर पुढे केले, कुणी गळ्यात पडलं. आई टॅक्सीने वर आली होती. तिने लेकीचा चेहरा ओंजळीत धरला. "चौथी आलीस गं माझी बाय!"

झुलीखाने हेल्मेट काढून गवतावर आपटलं. "काय चौथी? वळणावर मी मागे बघितलं, आई! शर्यतीत मागे कोण बघतं? गाढव आहे मी, गाढव!"

आजारपणात वर्षभर ही पोर एकच शब्द बोलत होती. सूप कसं झालंय? ठीक. सुई दुखली? ठीक. केस गेले तेव्हाही, ठीक. आई हसायला लागली आणि हसता हसता रुमालात तोंड लपवून रडली.

"आली बरं का परत," काका पुटपुटले.

त्याला आता महिना होत आला. आठवड्यातून दोनदा आम्ही त्याच वळणावर जातो, पुन्हा पुन्हा तेच घेतो. माझे ब्रेक झिजलेत, साखळी कुरकुरते, आणि ती मला शिव्या घालते. मी मजेत आहे.

एकच मागणं आहे. आम्ही वाटेत भेटलो, तर तिला तब्येत विचारू नका. पुढच्या शर्यतीचं विचारा.