पहिलीतली आत्या

शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात घालणारे माझे वडील, शाळा समितीचे अध्यक्ष, आणि त्यांच्यापुढे नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. एक खोली, एक मास्तर आणि गळकं छप्पर, एवढ्या भांडवलावर पानं कशी भरायची, म्हणून मी डोकं खाजवत बसलो होतो. तेवढ्यात आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, त्यात माझं नाव येईल का रे?

वडील आतल्या खोलीतूनच हसले. "ताई, तू तर नुसती आकडा भरायला होतीस."

ते खरंच होतं. सुरुवातीला शाळेत फक्त पहिलीचा वर्ग होता, आणि वीस मुलं भरली तरच तो चालेल असा वरून हुकूम होता. एक मूल कमी पडलं. मग चांगल्या बारा वर्षांच्या आत्याच्या हातातलं धुणं काढून घेऊन तिला मागच्या कोपऱ्यात बसवलं. बाकीची मुलं पास होऊन मोठ्या गावच्या शाळेत जायची, त्यांच्या जागी नवी यायची, आत्या आपली तिथेच. परीक्षेच्या दिवशी मास्तर तिला घरी पाठवायचे. मागून आलेले माझे वडील तिच्याच शेजारी बसून पुढे निघून गेले. लग्न होईपर्यंत ती पहिलीत राहिली, आणि घरात तिचं नाव पडलं ‘ढ’. कुठलाही कागद आला की न उघडता दुसऱ्याच्या हातात द्यायची. मला मेलीला काय कळतंय, म्हणायची.

नाव घालायचं तर मास्तरांना विचारायला हवं होतं. ते आता थकलेत, मुलीकडे असतात. आत्या म्हणाली, मीही येते. वडीलही निघाले, बहुधा गंमत बघायला.

मास्तरांनी तिला आवाजावरून ओळखलं. चहा आला. नावाचं सोडून आत्याने भलतंच विचारलं.

"मास्तर, मला परीक्षेला का बसवलं नाहीत? नापास झाले असते ना मी?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "पास झाली असतीस. पहिल्याच वर्षी, सगळ्यांच्या वर." मग जमिनीकडे बघत म्हणाले, "पास झालीस की तू जायचीस. विसावं मूल मी कुठून आणणार होतो? शाळाच बंद पडली असती."

वडिलांचं हसू कुठल्या कुठे गेलं. मला मास्तरांचा भयंकर राग आला, आणि तो धरायचा कुठल्या तोंडाने तेही कळेना. ती शाळा टिकली म्हणून तर वडील शिकले आणि मी लिहायला बसलो.



"माझ्या पोरीने लहानपणी एकदा गणित विचारलं होतं," आत्या म्हणाली. "मला येत होतं, मास्तर. तरी म्हटलं, बाबांना विचार. वाटलं, माझं चुकलेलंच असणार."

मास्तरांनी हात जोडले. तिने बघून न बघितल्यासारखं केलं आणि सगळ्यांचे कप उचलून विसळायला आत गेली.