चुन्याच्या भिंतीवरचे काळे पाय

चेतनाले कोणी नुसतं सांगतलं ना, का घरात काही घुसलं आहे, का ती चप्पल पायात न घालताच पळे. साप असो, घोरपड असो, वानराचं पिल्लू असो. वडील रेल्वेत, स्वतः बीएस्सीले, आणि ही पोट्टी पोतं-पिंजरा घेऊन स्कूटरवर रायपूरभर. तर पुरानी बस्तीतून मंदाकिनी मावशीचा फोन आला, आमच्या माळ्यावर उदमांजर आहे म्हणून, तेव्हा ती ताटावरूनच उठली.

राजधानी झाल्यापासून रस्ते रुंद करून राहिले होते, मोठमोठी झाडं पडून राहिली होती, अन् झाडावरचे जीव लोकांच्या घरात येऊन राहिले होते. पण मावशीले त्याचं काय? तिच्या राधिकाचं साक्षगंध तोंडावर, सदर बाजारातून अंगठी आलेली, अन् वरून छपराच्या कवेलूखालून धपधप.

"पाऱ्यातले, अख्ख्या मोहल्ल्यातले, सगळे कबरबिज्जू म्हणतात त्याले," मावशी म्हणाली. "मुडदे उकरून खाते म्हणे. अन् त्याच्या नजरेले नजर दिली तर घरातलं माणूस जाते."

"मावशी, फळं खाते ते. वास घे बरं, दुबराज तांदूळ शिजल्यासारखा येते का नाही?"

"हव. अन् मी समजो, शेजारची रोज दुबराज खाऊन राहिली."

दिवाकर मौसाजींचा वेगळाच बेत. पपईत दवाई टाकतो, किस्सा खतम. चेतना त्यांच्यासमोर आडवीच आली. "दवाई नाही, मौसाजी. मी जिवंत काढीन. तिच्या केसाले धक्का लागू देणार नाही. शब्द देते."

"तिच्या?" मौसाजी हसले. "तुले काय माहीत बाई आहे का बुवा?"

सगळे हसले. चेतनाही हसली.

संध्याकाळी तिनं माळ्यावर पिंजरा लावला, आत पिकलेली पपई. सकाळी पिंजऱ्याचं दार पडलेलं. झालं, गल्लीतली गर्दी अंगणात, कोणाच्या हातात काठी, कोणी तोंडावर पदर घेतलेला, कोणी पोरांचे डोळे झाकून राहिलं. चेतनाले भांडण नको होतं. काठी चालायच्या आत जनावर बाहेर निघालं पाहिजे, एवढंच. अन् अंधार असला का जनावर शांत राहते, ही तिची रीतच. म्हणून वर चढल्या चढल्या तिनं बाजूनं हात घालून पिंजऱ्यावर जाड चादर टाकली, गच्च बांधली, अन् उतरवला. तिनं स्वतःही आत पाह्यलं नाही.

तिचा दोस्त यशदीप शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका कारखान्यात कामाले होता. मराठी समजे, पण बोले हिंदीतच. कारखान्यांच्या मांगं त्यानं दाट झाडी पाहून ठेवली होती, पानापानावर काजळी बसलेली. दोघांनी तिथं नेऊन पिंजऱ्याचं दार वर केलं, चादर तशीच. जनावर सुटलं ते सरळ झुडपात. एक राखाडी शेपूट दिसली, बस. चेतना वापस आली ती गाणं म्हणत. माळ्याच्या, बाहेरच्या भिंतीतल्या भोकाले स्वतःच्या हातानं लोखंडी जाळी ठोकली, का दुसरं कोणी येऊ नये. दुसऱ्या दिवशी मौसाजींनी घराले चुना मारला. घर कसं पांढरंशुभ्र.

अन् त्याच संध्याकाळी राधिका मेंदीचा कोन हातात धरून तशीच थांबली. "मम्मी, वर कोण रडून राहिलं?"

चेतना आली, शिडीवरून आतूनच माळ्याची फळी सरकवली. कोपऱ्यात जुन्या गोधडीच्या चिंध्या, अन् त्यात तीन पिल्लं. एवढी-एवढीशी. डोळेही उघडलेले नाहीत. दुबराजचाच वास, पण पातळ.

यशदीपनं खालूनच हळू आवाजात विचारलं, "पेट देखी थी क्या उसका? दूध था?"

चेतनानं चिंध्या पिल्लांवर ओढल्या. चादर तिनंच टाकली होती ना.

तिनं ड्रॉपरनं बकरीचं दूध पाजून पाह्यलं. दूध तोंडातून बाहेर येई. एक पिल्लू सकाळीच गेलं. मौसाजींनी उबेसाठी बल्ब लावून दिला. मंग चेतनाले वाटलं, माय तिकडं आहे, तर लेकरं तिकडंच नेली पाहिजे. संध्याकाळी ती अन् यशदीप उरलेली दोन पिल्लं घेऊन सिलतऱ्याले गेले. जिथं मायले सोडलं होतं तिथंच टोपली ठेवली, अन् लांब जाऊन बसले. पिल्लं रडत राहिली. मंग एकच रडत राहिलं. झाडीतून कोणी आलं नाही. उजाडताना चेतनानं टोपली उचलली, उरलेलं एक ओढणीत घेऊन छातीशी धरलं. वापस येताना मधातच कुठंतरी त्याची हालचाल थांबली. तिनं यशदीपले सांगतलं नाही, तो गाडी जोरात चालवून राहिला होता.

पुरानी बस्तीत मावशी अंगणात उभी होती, तोंडावर पदर.

"आली होती," ती म्हणाली.

पांढऱ्या भिंतीवर काळे पाय. सिलतऱ्याची काजळी घेऊन आलेले, नाजूक, पाच-पाच बोटांचे. खालून वर, जाळीपर्यंत. मंग जाळीभवती, पुन्हा, पुन्हा, भिंत काळी होईपर्यंत. जाळीची तार एका कोपऱ्यात वाकलेली अन् तिले रक्त. म्हणजे हे दोघं तिकडं झाडीत बसले होते तेव्हा ती इथं होती.

"मी काठी नाही उचलली, बेटा," मौसाजी म्हणाले. "मले जाळीही नाही काढता आली. इतकी जोरात ठोकली तू."

चेतनानं शिडी लावली. पक्कडीनं एक-एक खिळा ओढून जाळी काढली. बल्बखालचं, टोपलीतलं अन् ओढणीतलं, तिन्ही पिल्लं चिंध्यांत होती तशी ठेवली. मंग पायरीवर बसून राहिली, जेवायलेही उठली नाही.

दिवेलागणीले घरात भात शिजल्यासारखा वास आला. मावशीनं चूल पेटवलीच नव्हती. कवेलूवर पावलं वाजली, आत गेली, खूप वेळ काहीच नाही. मंग ती बाहेर निघाली, तोंडात एक धरलेलं, अन् छपरावरून गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. चेतना पाहत होती. ह्या वेळी तिनं पोट पाह्यलं. दूध होतं.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी चुनेवाला आला तर मावशीनं त्याले दारातूनच वापस लावून दिलं. राधिकाच्या फोटोत मांगं ते काळे पाय अजून आहेत. फोटोत सगळे आहेत, चेतना सोडून. ती आत होती, पंगतीतल्या दुबराज भाताचा वास आला म्हणून उठून गेली होती.