घोडा आहे असं समजा

कुकरची शिट्टी झाली की कुलूपवाला उठून उभा राही. टाचा जुळलेल्या, छाती पुढे, हात विजारीच्या शिवणीला. दुसऱ्या शिट्टीला तो विश्राममध्ये जाई, तिसरीला पुन्हा सावधान. लग्न नवं होतं तेव्हा बायकोला वाटलं, आपल्या स्वयंपाकाला मान देतायत. पुढे तिच्या लक्षात आलं की हा मान शाळेतल्या पीटीचा आहे, आपला नाही. तेव्हापासून ती सगळं पातेल्यात शिजवते.

एरवी माणूस धडधाकट होता. दिवसभर दुकानात उकिडवा बसून चाव्या घासायचा, पण व्यायाम हा शब्द कानावर पडला की त्याच्या पोटात दुखायला लागे. बसमागे तो आयुष्यात कधी धावला नव्हता. निघालेल्या बसला तो उभ्या जागेवरून हात करी, पाहुण्यांना करतात तसा. हे सगळं त्याला शाळेनं शिकवलं होतं, आठवड्यातून तीन तास, सक्तीनं.

शाळेत त्याचं नाव राखीव. संघ पाडताना दोन्ही कप्तान एकेकाकडे बोट दाखवत जायचे आणि शेवटी मैदानाच्या मधोमध हा एकटा उरायचा. सर म्हणायचे, "हा राखीव." एकदा एका संघात एक जण कमी पडला, तरीही हा राखीवच राहिला. दुसऱ्या संघानं तक्रार केली असती, असं सरांचं म्हणणं होतं.

आता त्याच शाळेत, त्याच सरांच्या हाताखाली त्याची मुलगी चिंगी सातवीत होती. एका संध्याकाळी ती दप्तर न उतरवताच दुकानात येऊन उभी राहिली.

"बाबा, मी पीटीत नापास."

"पुन्हा?"

"घोड्याला पाय लागला म्हणे."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. शाळेत घोडा नव्हता. म्हणजे उडी मारायचा लाकडी घोडा होता, पण तो खेळांच्या खोलीत होता आणि खोलीला तीस वर्षं कुलूप होतं. कुलपात काहीतरी अडकल्यामुळे किल्ली आत जात नव्हती. कुलूप तोडायचं तर वरच्या कचेरीची परवानगी हवी. अर्ज गेला होता, उत्तर यायचं होतं. नवं सामान मागावं तर कचेरी म्हणे, सामान तर आहे तुमच्याकडे. दर वर्षी तपासणीचे साहेब येत, दार ढकलून बघत आणि शेरा मारत, 'साहित्य सुरक्षित.'

पण पीटी सक्तीची होती. तेव्हा सरांनी मार्ग काढला. "घोडा आहे असं समजा," ते म्हणाले, आणि पोरांनी समजलं. पुढे चेंडूही समजण्यात आला. मुलं नसलेल्या चेंडूनं फुटबॉल खेळू लागली. चेंडू कुंपणाबाहेर गेला की कुणीतरी मुकाट्यानं जाऊन आणायचं. एकदा दुसऱ्या शाळेबरोबर सामना झाला, त्यात ही शाळा अकरा गोलांनी हरली. कप्तानानं परत येऊन प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, त्यांचा चेंडू खरा निघाला."

अशा रीतीनं पिढ्या पास झाल्या. फक्त चिंगीचा पाय लागत होता.

"मी विचारलं, सर, घोडाच नाही तर पाय लागला कशाला? तर म्हणाले, मला दिसला."

"मग?"

"मग मी मोठ्या बाईंकडे गेले." मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. "म्हटलं, पीटीत पास झाल्याशिवाय आठवीत जाता येत नाही, तर खरा घोडा काढा. त्याला पाय लागला तर मी नापास, कबूल. बाई म्हणाल्या, न तोडता कुलूप उघडणार कोण? मी म्हटलं, माझे बाबा. बाबांनी आजवर एकही कुलूप सोडलेलं नाही."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. कुलूपवाला उठून उभा राहिला. चिंगीला वाटलं, बाबा आत्ताच निघाले.

"उद्या, बाबा. दहा वाजता."

त्या कुलपात काय अडकलंय हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो आत्ता सावधानमध्ये उभा होता. तीस वर्षांपूर्वी, घोड्याच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, त्यानं कंपासपेटीतलं कर्कटक त्या कुलपात घातलं होतं आणि टोक आत ठेवून मोडलं होतं. ते मोडताना आत कुठेतरी पट्टी सरकल्याचा एक बारीक टिक ऐकू आला. तो त्याला इतका आवडला की शाळा संपल्यावर तो थेट एका म्हाताऱ्या उस्तादाच्या दुकानात जाऊन बसला. म्हणजे त्याच्या पोटापाण्याची सोय पीटीनंच केली होती, पण ते श्रेय पीटीला द्यायला तो तयार नव्हता.

"अहो, चेहरा का असा?" जेवताना बायकोनं विचारलं. "एक कुलूप तर आहे."

"जुनं आहे."

"तुम्ही कुठले नवे."

"समजा, नाही उघडलं तर?"

"तर पोरगी सातवीतच राहील, आणि वर म्हणेल, बाबांना जमलं नाही. दोन्हीतलं काय जास्त झोंबेल ते बघा आणि भाजी घ्या."

त्यानं भाजी घेतली. दोन्ही झोंबत होतं. पण मुलीसमोर, सातवीच्या अख्ख्या वर्गासमोर ते टोक बाहेर निघणं तिसरंच होतं. त्यानं मनाशी ठरवलं की थोडा वेळ खुडबुड करायची, मान हलवायची आणि म्हणायचं, गंजलंय हो.

दुसऱ्या दिवशी सातवीचा वर्ग खोलीसमोर रांगेत उभा होता. मोठ्या बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. सरांचे केस पांढरे झाले होते, शिट्टी मात्र तीच होती, आणि शिट्टीच्या दोरीत खोलीची किल्ली.

"राखीव, आलास."

"आलो, सर."

"पोटात दुखत नाही ना?"

"थोडं."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. चिंगीनं मागे वळून बघितलं, तशी रांग गप्प झाली.

कुलूपवाला उकिडवा बसला. पिशवीतून बारीक आकडा काढला, कान कुलपाला लावला. ठरल्याप्रमाणे तो नुसती खुडबुड करणार होता. पण हातांना कुणी कळवलं नव्हतं. हात पंचवीस वर्षांच्या सवयीनं आत गेले, चाचपले, टोक सापडलं, किंचित फिरवलं, चिमट्यात धरलं आणि बाहेर काढलं. मान हलवायला वेळच मिळाला नाही.

इथवरही निभावलं असतं. गंजाचा तुकडा म्हणून फेकून देता आलं असतं. पण उस्तादानं त्याला पहिल्याच दिवशी एक नियम घातला होता: काय झालं होतं ते सांगितल्याशिवाय गिऱ्हाइकाला कुलूप परत द्यायचं नाही. आजवर त्यानं तो एकदाही मोडला नव्हता. त्यानं टोक उजेडात धरलं आणि दुकानात बोलतो त्याच आवाजात बोलू लागला.

"कर्कटकाचं टोक आहे. आपसूक मोडलेलं नाही, कुणीतरी मुद्दाम मोडलंय. तिरकं गेलंय, म्हणजे घालणारा डावखुरा. खालून वर गेलंय, म्हणजे उंची बेताची, बारा वर्षांचं पोर असणार. घाईत होतं, पण हात चांगला आहे."

मग तो थांबला.

सगळा वर्ग चिमट्याकडे बघत होता. चिमटा त्याच्या डाव्या हातात होता.

"बाबा," चिंगी म्हणाली.

"अं."

"हात चांगला आहे म्हणे."

"दुसऱ्या दिवशी घोडा होता गं," कुलूपवाला म्हणाला. त्याच्या आवाजात तीस वर्षांपूर्वीचा आदला दिवस होता.

मोठ्या बाईंनी सरांकडे बघितलं. सर किल्लीकडे बघत होते.

"मला तेव्हाच शंका आली होती," ते म्हणाले. "परीक्षेच्या दिवशी पोटात न दुखता आलेला हा पहिल्यांदाच."

"मग बोलला का नाहीत, सर?"

"आधी उडी मारून मला दाखवावी लागायची ना." सरांनी आवाज खाली आणला. "दर वर्षी गुडघा फुटायचा. म्हटलं, चार दिवस राहू दे बंद."

"तीस वर्षं झाली, सर," मोठ्या बाई म्हणाल्या.

"पोरांचं छान चाललं होतं, बाई."

किल्ली लागली. कुलूप उघडताना तोच बारीक टिक झाला आणि कुलूपवाल्याला, अशा प्रसंगातही, बरं वाटलं.

आत फुटबॉल होते, सुकलेल्या लिंबांसारखे. एका गादीत उंदरांचं एक कुटुंब होतं. ते फारशी कुरबुर न करता निघून गेलं. आणि भिंतीशी घोडा होता. चौघांनी तो बाहेर आणून ठेवला. तो सरांच्या कमरेला येत होता.

"हाच?" चिंगी म्हणाली. "सर, तुम्ही घोडा इथं असतो म्हणायचात." तिनं आपल्या डोक्याच्या वर हात धरला.

आठवणीतला घोडा दर वर्षी बोट-दोन बोटं वाढला होता. सरांनी समोरच्या घोड्याला एक चक्कर मारली.

"लाकूड आटतं," ते म्हणाले.

कुलूपवाल्याच्या आठवणीतल्या घोड्याला तर सोंडही होती.

घोड्याच्या पाठीवर बोटभर धूळ होती. एका मुलानं फडकं आणलं, तशी चिंगी म्हणाली, "पुसू नकोस. पाय लागला तर दिसेल."

ती मागे गेली, धावत आली, हात टेकले आणि पलीकडे गादीवर उतरली. सर चष्मा लावून वाकले. त्यांनी धूळ या बाजूनं बघितली, त्या बाजूनं बघितली. मोठ्या बाईही खुर्चीवरून उठून आल्या. धुळीत दोन पंजे उमटले होते. बाकी सगळी धूळ जशीच्या तशी होती.

"पास," सर म्हणाले आणि तिथल्या तिथे लिहिलं. मग जरा थांबून म्हणाले, "मागच्या दोन्ही वेळचंही पास."

चिंगी बाबांकडे आली. कपाळाला धूळ लागली होती.

"रागावलीस?" त्यानं विचारलं.

"तुम्ही मोडलं आणि तुम्हीच काढलंत," ती म्हणाली. "म्हणजे अजून एकही कुलूप सोडलेलं नाही."

मग इतरांचे नंबर लागले. हवेत सगळ्यात देखणी उडी मारणारी मुलगी खऱ्या घोड्यासमोर येऊन थबकली. "सर, हा नाही असं समजू का?" सर म्हणाले, समज. तिनं समजलं आणि जाऊन त्याच्यावर आदळली. फारसं लागलं नाही. उठून ती पुन्हा रांगेत लागली, या वेळी डोळे उघडे ठेवून.

तोवर सरांना खोलीतल्या कपाटात जुनी वही सापडली होती. तिच्यात एका नावापुढे ओळीनं 'पोटात दुखते' होतं आणि शेवटच्या रकान्यात 'बाकी'.

"राखीव," सर म्हणाले, "ये."

"सर, मी बेचाळीस वर्षांचा आहे."

"वहीत बारा आहे."

"बाबा, कुलपासारखंच करा," चिंगी म्हणाली. "जोर लावायचा नाही."

कुलूपवाल्यानं पिशवी खाली ठेवली. तो धावला. धावणं त्याला आठवत होतं त्यापेक्षा सोपं निघालं. घोडाही जवळ होता. त्यानं हात टेकले, जोर लावला नाही आणि घोड्यावर बसला. नीट, मांड घालून, धुळीसकट.

"लागला," सर म्हणाले.

"पूर्ण लागलाय, सर."

सरांनी पेन उचललं, विचार केला आणि 'बाकी' खोडून लिहिलं, 'पोहोचला.'

वरून मैदान छान दिसत होतं. कुंपण, पाण्याची टाकी, आणि दूर रस्त्यावर एक बस निघालेली. हवा होती. तास संपला, सरांनी शिट्टी फुंकली. सातवीचा वर्ग सावधान झाला, सवयीनं मोठ्या बाईही झाल्या. कुलूपवाल्यानं बसला हात केला आणि पाय झुलवत तसाच बसून राहिला.