उजवा खोटा, डावा खरा

राणी बिरादारच्या आजारात एकच खोट होती. तो दिसत नव्हता.

बाकी आजार चांगला भारदस्त होता. नाव इंग्रजी, तपासण्या महाग, डॉक्टर सिकंदराबादेतले नावाजलेले. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू आणि पाय यांच्यात निरोपांची ने-आण करणाऱ्या तारांचं वेष्टण झिजतं. मग निरोप कधी पोचतो, कधी वाटेत चहाला थांबतो. राणीच्या डाव्या पायाचं असंच चाले. सकाळी ताजातवाना, दुपारी सुस्त, उकाडा वाढला की थेट गैरहजर. बघणाऱ्याला मात्र दिसे ती शेहेचाळीस वर्षांची, उंचपुरी, खळखळून हसणारी बाई. त्यात मध्यंतरी स्टेरॉइडचा कोर्स झाला आणि चेहरा असा भरला, की अंबरपेठेतल्या नात्यातल्या बायका विचारू लागल्या, "काय खातीस गं, आम्हाला बी सांग की."

डॉक्टरांनी तिला समजावून ठेवलं होतं. पाय रोज मोजकेच मिळणार, ते कुठं खर्च करायचे ते तुम्ही ठरवा. राणीनं ठरवलं होतं. आधी बँकेतली नोकरी, मग स्वैपाकघर, आणि उरलेच तर संध्याकाळी चार बायकांत उठणं-बसणं. या हिशेबात श्रीनिधी एन्क्लेव्हच्या तळघरातला चढ बसत नव्हता. लिफ्ट तळघरापर्यंत न्यायचं बिल्डरच्या मनात होतं, ते मनातच राहिलं. त्यामुळे गाडी तळघरात लावली की लिफ्टपर्यंत रॅम्प चढावा लागे, आणि त्या रॅम्पवर गेलेले पाय संध्याकाळपर्यंत परत येत नसत.

वर तळमजल्यावर, लिफ्टच्या तोंडाशीच एक जागा होती. निळ्या चौकोनात चाकाच्या खुर्चीचं पांढरं चित्र. नगरपालिकेला दाखवण्यापुरतं ते रंगवलं होतं आणि दाखवून झालं होतं. मग तिथं चेअरमन यादगिरी यांची मोठी गाडी उभी राहू लागली. यादगिरींचं म्हणणं सरळ होतं, जागा मोठी आहे, गाडी मोठी आहे.

त्यांना तिथून हुसकावलं किशोर दांडेकरांनी. किशोरराव पुण्याचे. तीस वर्षं त्यांनी सॉफ्टवेअर तपासलं, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढून पगार घेतला. निवृत्तीनंतर तेच काम ते पगाराशिवाय करत. जागा दिव्यांगांची आहे, दिव्यांग येईपर्यंत रिकामी राहील, यावर त्यांनी अख्ख्या बिल्डिंगशी भांडण काढलं आणि जिंकलं. त्यामुळे एके दिवशी राणी तिथं गाडी लावून, पर्स खांद्याला अडकवून, दोन पायांवर चालत लिफ्टकडे निघाली, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल ते समजण्यासारखं आहे.

"अहो ताई, ही जागा दिव्यांगांसाठी आहे."

"हौ. मी त्यातलीच आहे."

किशोररावांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग पायापासून डोक्यापर्यंत.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

राणीनं सरकारी कार्ड दाखवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. "कार्डं काय हो, हल्ली कशाचीही मिळतात."

त्या दिवसापासून बिल्डिंगच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सुविचार येऊ लागले. देवाने धडधाकट शरीर दिलं हीच मोठी संपत्ती, खाली जोडलेले हात. राणीनं आजार समजावून पाहिला. तारा, वेष्टण, निरोप. लोक ऐकून घेत आणि तिच्या पायांकडे बघत. पाय बिचारे नेमके तेव्हा नीट उभे असत.

असे आठ महिने गेले. मग एकदा गाडीतून उतरताना तिच्या उजव्या पायाचा अंगठा पायरीला ठेचकाळला. उजवा, म्हणजे धडधाकट. कळ मस्तकात गेली आणि ती लंगडत लिफ्टकडे निघाली. खुर्ची टाकून बसलेले यादगिरी उठले. त्यांनी स्वतः लिफ्टचं बटण दाबलं. दार धरून उभे राहिले.

"आहिस्ता, अम्मा," ते म्हणाले. "जल्दी क्या है."

आठ महिन्यांत जे कार्डाला जमलं नव्हतं ते अंगठ्यानं करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी अंगठा बरा होता. लिफ्टसमोर पाचसहा माणसं उभी होती. राणी गाडीतून उतरली, क्षणभर थांबली, आणि लंगडली.

लंगडणं मुद्दाम उजव्या पायाचं ठेवलं. डाव्यावर अभिनयाचा भार टाकणं धोक्याचं होतं, तो कधी प्रयोग सोडून जाईल याचा नेम नव्हता.

मग बिल्डिंगचा जीव तिच्यावर जडला. दुसऱ्या मजल्यावरच्या भाग्यलक्ष्मी गुडघ्याचं तेल घेऊन आल्या. कुणी हाडं बसवणाऱ्या पैलवानाचा पत्ता दिला. बेगम बाजारातून डिंक आला, मेथ्या आल्या. किशोररावही मागे राहिले नाहीत. "ताई, माझं तेव्हा जरा चुकलं," ते म्हणाले, "पण तेव्हा तुम्ही लंगडत नव्हता, हेही खरं."

राणीचा नवरा शिवराज रेल्वेत होता. एकदा त्यानं खिडकीतून हा प्रयोग पाहिला आणि ती वर आल्यावर तिच्यासमोर पाणी ठेवलं.

"राणे, तू खरी आजारी असून खोटी आजारी कशाला व्हायलीस?"

"खऱ्याला कुणी विचारत नाही म्हणून."

"पण त्या लंगडण्यानं पाय जास्त दमत असतील की."

दमत होते. रॅम्प वाचवून राखलेले पाय लिफ्टपर्यंतच्या नाटकात जात होते. पण ग्रुपवरचे सुविचार बंद झाले होते, आणि माणसाला शांतताही लागतेच.

घोटाळा झाला तो एका वाईट दिवशी. बँकेत एसी बिघडला, दिवसभर घाम, आणि संध्याकाळी डावा पाय खरोखरच यायला तयार होईना. त्या दिवशी राणीला नाटक वगैरे सुचलंच नाही. भिंत धरून, डावा पाय ओढत ती लिफ्टपर्यंत गेली. हैदराबादेत आल्यापासून ती इतकी खरी कधी चालली नव्हती.

नेमकं तेच कॅमेऱ्यात सापडलं. कुणाच्या तरी चोरलेल्या हेल्मेटसाठी किशोरराव कॅमेऱ्याचं चित्रण तपासत होते. तपासता तपासता त्यांना दिसलं, की राणीताई सोमवारी उजव्या पायानं लंगडतात आणि मंगळवारी डाव्या. हेल्मेट त्या क्षणी जगातून गेलं. रविवारी दुपारी चार वाजता सर्वसाधारण सभा लागली. विषय एकच, लिफ्टजवळची जागा काढून घेणे.

सभा गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली. भाद्रपदाचं ऊन, वारा नाही. शेडपासून जिन्याच्या दारापर्यंत उघडी गच्ची तापून निघाली होती. शिवराज ड्यूटीवर होता. किशोररावांनी लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी लावल्या. काम चोख होतं, त्यात शंका नाही.

"अम्मा," यादगिरी म्हणाले, "एक बात बोलो. कौनसा पाँव?"

राणी खुर्चीतच बसून होती. "उजवा खोटा होता," ती म्हणाली. "डावा खरा आहे." सगळ्यांना कळावं म्हणून तिनं दोन्ही वाक्यं हिंदीत पुन्हा सांगितली.

सभेत गलका झाला. भाग्यलक्ष्मींचा चेहरा तेलाच्या बाटलीसाठी दुखावला होता.

"म्हणजे तुम्ही नाटक करत होता, हे कबूल?" किशोरराव म्हणाले.

"लंगडण्याचं केलं. आजाराचं नाही."

"ताई, चाचणीत एक गोष्ट खोटी निघाली की पुढचं सगळं संशयित धरतात."

"धरा की. पण तो आजार दिसत नाही त्याला मी काय करू?"

"न दिसणारं तर सगळ्यांनाच असतं," तिसऱ्या मजल्यावरचा मिलिंद म्हणाला, आणि तिथंच सभेचा तोल गेला. मिलिंदनं स्वतःची कंबर सांगितली. त्याच्या शेजारच्या संदेशनं मणका सांगितला, तोही एमआरआयसह. यादगिरींनी शुगर सांगितली. यादगिरींनी सांगितल्यावर सगळ्यांनीच शुगर सांगितली. दहा मिनिटांत असं निघालं, की श्रीनिधी एन्क्लेव्हमध्ये धडधाकट असं कुणी नाहीच आणि त्या एका जागेवर निम्म्या बिल्डिंगचा हक्क आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात असा ठराव आला.

राणीला तो ठराव लांबून ऐकू आल्यासारखा आला. पत्रा तापला होता आणि कमरेखाली हळूहळू कुणीतरी दिवे मालवत चाललं होतं. चिठ्ठी आपली निघणार नाही, हे तिला माहीत होतं. मग रोज तो चढ. मग वर्षभरात नोकरी सोडायची, आणि घरी बसून लोकांचं "तब्येत छान आहे की" ऐकून घ्यायचं. रडावं असं काही नव्हतं, फक्त सावलीत जायला हवं होतं.

"मी खाली जाते," ती म्हणाली आणि उठली.

डावा पाय एक पाऊल मागून आला. मागून कुणीतरी म्हणालं, "आता डावा," आणि दोनचार जण हसले. कुणी टाळीही वाजवली. राणी शेडच्या खांबाला धरून बाहेर आली आणि उघड्या गच्चीवरून जिन्याकडे चालू लागली. सावकाश, मधे थांबून, पुन्हा सावकाश. लंगडणं असं काही नव्हतंच. आधीच्या प्रयोगांपुढे हा फारच फिका होता.

किशोरराव मात्र हसत नव्हते. ते शेडच्या कडेला, खांबाजवळ पडलेल्या चपलेकडे बघत होते. चप्पल डावी होती. तिची मालकीण दहा पावलं पुढे तापलेल्या गच्चीवरून अनवाणी पायानं चालली होती. ती ना पाय उचलत होती, ना मागे वळून बघत होती.

त्यांनी आपल्या एका पायातली चप्पल काढली आणि पाय गच्चीवर टेकवला. लगेच उचलला. तपासणी एकदाच करून भागत नाही म्हणून पुन्हा टेकवला. पुन्हा उचलला. मग राणीची चप्पल घेऊन ते धावले.

राणी जिन्याच्या दारात सावलीला टेकली होती.

"ताई, चप्पल."

"कुणाची?"

"तुमची."

राणीनं खाली पाहिलं. डावा पाय उघडा होता आणि तळवा लालबुंद झाला होता.

"कळलं नाही तुम्हाला?"

"नाही ना."

"फरशी पेटलीय हो."

"असेल," राणी म्हणाली, आणि तिला हसू आलं. खळखळून, नेहमीसारखं. भाग्यलक्ष्मी पाण्याची बादली घेऊन धावत आल्या आणि त्यांनी काही न विचारता तिचा पाय बादलीत घातला.

किशोरराव चप्पल हातात धरून तसेच उभे होते. "मग ते लंगडणं कशाला केलंत?"

"तुम्हाला काहीतरी दिसायला पाहिजे होतं ना, किशोरराव. माझं होतं ते दिसत नव्हतं. म्हणून दुसरं दाखवलं."

किशोररावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "म्हणजे दोष तपासणीतच होता," ते म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी हे वाक्य बहुधा प्रथमच उच्चारलं असावं.

मग ते परत शेडकडे गेले. तिथं चिठ्ठ्यांसाठी कागद फाडणं सुरू झालं होतं.

"एक मिनिट," किशोरराव म्हणाले. "चिठ्ठ्या नकोत. सगळ्यांनी चपला काढा. त्या ताई इथून जिन्यापर्यंत गेल्या तसं जो अनवाणी चालून दाखवेल, हळूहळू, मधे थांबत, त्याला जागा द्या. मी सही करतो."

"उसमें क्या है," यादगिरी म्हणाले आणि चपला काढून उतरले.

पहिलं पाऊल त्यांनी रुबाबात टाकलं. दुसरं टाकलं ते हवेतच. नंतर त्यांनी जे केलं त्याला चालणं म्हणता येत नाही. धोतराचा सोगा धरून, "अय्यो, अय्यो" करत ते दोन्ही पायांनी आळीपाळीनं उडत शेडमध्ये परत आले. पाठोपाठ मिलिंद कंबर विसरून उडाला. संदेशचा मणका इतका लवचीक असेल असं त्याच्या बायकोलाही वाटलं नव्हतं. दारात बादलीत पाय घालून बसलेली राणी हसून हसून वाकली. भाग्यलक्ष्मी हसल्या, शेडमधले हसले, आणि शेवटी एका पायावर उभे राहून तळवा चोळणारे यादगिरीही हसले.

"जगा अम्मा को दे देओ," ते म्हणाले. "नक्को बाबा मेरेकू."

राणीच्या तळव्याला दोन फोड आले. ते तिला डोळ्यांनीच कळले. आठवडाभरात सुकले.

किशोररावांचं म्हणाल, तर माणूस सुधारला की जरा जास्तच सुधारतो. आता ते बिल्डिंगमध्ये येणाऱ्या कुणाही धट्ट्याकट्ट्या तरुणाला बाजूला घेऊन विचारतात, "तुम्हाला काही आहे का? लाजू नका." उषाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, यामुळे पाहुणे कमी झाल्याचं सांगतात.

दहाबारा दिवसांनी बतुकम्माचा सण आला. फुलांचे रचलेले मनोरे अंगणात मांडले गेले आणि बायका टाळ्या वाजवत त्यांच्याभोवती फेर धरू लागल्या. राणी बँकेतून आली, लिफ्टजवळ गाडी लावली, आणि कुठलंही लंगडणं न करता सरळ चालत फेरात शिरली. संध्याकाळ गार होती. पाय होते तेवढे सगळे शिल्लक होते. ती एक फेरी नाचली, दुसरी नाचली. तिसऱ्यात डावा पाय मागे राहू लागला, तेव्हा भाग्यलक्ष्मींनी कुणाला न सांगता एक खुर्ची आणून फेराच्या वाटेवरच ठेवली. राणी बसली. बायकांनी फेर थोडा मोठा केला आणि खुर्चीला वळसा घालून नाचू लागल्या.

"थक गए क्या, अम्मा?" कठड्यापाशी उभ्या यादगिरींनी विचारलं.

"पाँव थक गए," राणी टाळ्या न थांबवता म्हणाली. "मैं नै थकी."