लेकरू कुणाचं

चर्चमधल्या वडीलधाऱ्या मदर पेटवेंनी केझायाच्या डोक्याचा रुमाल सोडला आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

"हे कधी केलंस?" त्यांनी रोझलिनला विचारलं.

"काल. माँटगोमेरी शहरातल्या पार्लरमध्ये नेलं होतं. चार तास लागले."

केझायाचे केस गरम कंगव्याने सरळ केलेले होते आणि चकचकीत होऊन खांद्यावर पडले होते. चर्चच्या मागच्या खोलीत मदर पेटवे धरून पांढऱ्या कपड्यांतल्या तीन म्हाताऱ्या तिला तयार करायला जमल्या होत्या. तिघींनी एकमेकींकडे बघितलं.

"शनिवारी केस सरळ आणि रविवारी डोक्यावरून पाणी," एक म्हणाली.

"अगं, पोरीला बाप्तिस्म्याला आणलंय की लग्नाला?" दुसरी म्हणाली. तिघी हसल्या. केझायाही हसली.

रोझलिनचे गोरे कान लालबुंद झाले. तिचे स्वतःचे केस भिजले काय, वाळले काय, सारखेच. पाणी लागताच लेकीचे केस पुन्हा कुरळे होतील, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. केझाया चौदा महिन्यांची असताना तिच्या घरी दत्तक आली, तेव्हाच दुकानाच्या रांगेत कुणीतरी मागून म्हणालं होतं, "हिला काय जमणार आहेत त्या लेकराचे केस!" त्या दिवसापासून तिने चंग बांधला होता. तेल कुठलं, उशीचा अभ्रा कुठला, वेण्या कशा घालायच्या, सगळं ती शिकली. दर शनिवारी दुपारी पोरीला गुडघ्यांत धरून तीन-तीन तास बसली. आणि नेमका आजच्या दिवशी हा घोळ घातला.

नऊ वर्षं दोघी एक रविवार रेल्वेच्या रुळांच्या अलीकडच्या चर्चमध्ये जात, एक रविवार पलीकडच्या. अलीकडे केझाया एकटीच काळी, पलीकडे रोझलिन एकटीच गोरी. बाप्तिस्मा कुठे घ्यायचा, हे तिने लेकीवर सोडलं होतं.

"आपल्याकडे पाणी कोमट असतं," ती सहज बोलल्यासारखं म्हणाली होती.

"पण मम्मा, तिथे पाण्यात उतरताना कुणी गात नाही," केझाया म्हणाली होती.

आणि तिने पलीकडचं चर्च निवडलं. तेव्हापासून रोझलिनला एकच भीती वाटत होती. ज्यांच्यासारखी पोर दिसते, त्यांच्या पाण्यातून वर आल्यावर ती त्यांचीच होईल. उद्यापासून आपण फक्त तिला गाडीने आणून सोडणारी बाई.

मदर पेटवेंनी केस गुंडाळून पांढऱ्या फडक्यात घट्ट बांधले. "जा, पुढे बस," त्या रोझलिनला म्हणाल्या. त्या आवाजात राग होता की नव्हता, ते तिला कळलं नाही.

वेदीसमोरच्या फळ्या डीकन लोकांनी, चर्चच्या सेवकांनी, उचलून ठेवल्या होत्या. खाली सिमेंटचा हौद, नळाचं गार पाणी. गाणं कुणी सुरू केलं ते दिसलं नाही. ते मागच्या बाकांवरून आलं आणि पायांखालची जमीन हलायला लागली. पांढरा झगा घातलेली केझाया पायऱ्या उतरली. पाणी छातीपर्यंत आलं तशी तिने हनुवटी वर केली. रोझलिनने तिला तापात पाहिलं होतं, रडताना पाहिलं होतं, पण अशी कधी पाहिली नव्हती. ही आपल्या घरात राहते, आपल्या हातची भाकर खाते, याचंच तिला नवल वाटलं.

पाळकांनी केझायाच्या पाठीवर हात ठेवला. गाणं थांबलं.

"हे लेकरू कुणाचं?"

"आमचं!" सगळं चर्च एका आवाजात म्हणालं.

झालं, रोझलिन मनात म्हणाली.

"हे लेकरू कुणाचं?" पाळकांनी पुन्हा विचारलं.

या वेळी कुणीच बोललं नाही. पंखे तेवढे फिरत राहिले. पाण्यातली केझाया काकडत होती. रोझलिन वाट बघत राहिली. तिच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना खोकलासुद्धा दाबून धरतात.

पुढच्या बाकावरून मदर पेटवे वळल्या.

"दुसऱ्यांदा घरच्यांना विचारतात, बाई," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "आम्ही कसं बोलणार? पोर गारठली तिकडे."

रोझलिन उभी राहिली. "माझं," ती म्हणाली.

"पाण्यात ऐकू येत नाही," पाळक म्हणाले.

केझाया तिच्याकडेच बघत होती. ओठ निळसर पडले होते.

"माझं आहे!" रोझलिन ओरडली. चर्चमध्ये ती आयुष्यात पहिल्यांदा ओरडली, आणि आवाज मध्येच फाटला. "माझं लेकरू आहे ते!"

"आमेन!" चारी बाजूंनी उसळलं, आणि त्या गदारोळातच केझाया पाण्याखाली गेली.

ती वर आली तेव्हा डोक्याचं फडकं सुटून हौदात तरंगत होतं. मागच्या खोलीत तिला चादरीत गुंडाळून स्टुलावर बसवलं. चार तासांची मेहनत केव्हाच उतरली होती. केस एकेक करून वर उठत होते, वळत होते, आपल्या जागी परत येत होते. रोझलिन दारातच उभी राहून बघत राहिली. पुढे जायचा तिला धीर होईना.

"माझ्या आईनेही हेच केलं होतं," मदर पेटवे म्हणाल्या. "आदल्या दिवशी, चुलीवर कंगवा तापवून. सगळ्याच करतात. लेक देवासमोर छान दिसावी म्हणून." पिशवीतून त्यांनी रुंद दातांचा कंगवा काढला आणि तिच्यापुढे धरला. "उभी काय राहिलीस? एवढं ओरडून सांगितलंस ना सगळ्यांना? मग धर."

रोझलिनने कंगवा घेतला, लेकीच्या मागे बसली आणि टोकांकडून विंचरायला सुरुवात केली.